स्पीकरची परख : डब्यावरचे वॅट आणि कानाला येणारा आवाज

कापडाच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाने स्पीकरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या पेठेचे रूप आता पूर्वीचे राहिलेले नाही. ज्या गल्लीत एके काळी फक्त लुंगी, साडी आणि सुटिंगचे गाळे होते, तिथे आज जागोजागी मोबाईल, चार्जर आणि स्पीकरची दुकाने दिसतात. ती चालवणारी मुले बहुतेक आमच्याच घरांतली. भांडवल बापाच्या गल्ल्यातून आलेले, माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भरलेला. आणि त्यांचे गिऱ्हाईक कोण? माग चालवणारा, सुतार, शिंपी, गॅरेजवाला. वर्षातून एकदा सणासुदीला चार-पाच हजार रुपये बाजूला काढून घरात आवाजाची सोय करणारा माणूस.

आमच्या एका नातलगाने मागे हंगामासाठी असे चाळीस नग भरले होते. डब्यावर ५००० वॅट, दर्शनी भागावर फिरते रंगीत दिवे, आणि भाव इतका स्वस्त की समोरचा दुकानदार चकित व्हावा. पहिल्या पंधरवड्यात निम्मा माल खपला. पुढच्या महिन्यात त्यातला बराच परत आला. एकाचा कॉइल जळलेला, दुसऱ्याचा खरखरणारा, आणि तिसऱ्याची तक्रार अशी की गाणे वाजते पण शब्द कळत नाहीत. घाऊक व्यापाऱ्याने हात वर केले. पैसा तर अडकलाच, पण गल्लीतल्या गिऱ्हाइकाशी असलेला वर्षानुवर्षांचा व्यवहारही दुखावला. हा माल घेताना त्याने स्पीकर पाहिले होते, ऐकले नव्हते. म्हणून दोन-अडीच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंतच्या घरगुती स्पीकरचा आवाज पारखायचा कसा, ते आम्हाला जेवढे समजले आहे तेवढे इथे मांडतो.

वॅटचा हिशेब

डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात ते वॅट. मोजण्याची रीत न सांगता दिलेला हा आकडा म्हणजे कापडाच्या ताग्यावर मारलेला 'एक्स्पोर्ट क्वालिटी'चा शिक्का. शिक्का कोणीही मारावा, विचारणारा कोणी नाही. या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' अशी अक्षरे असली, तर तो आकडा सरळ सोडून द्यावा. पीएमपीओ म्हणजे क्षणमात्र निघू शकेल असा कल्पिलेला कमाल जोर. तो कसा मोजावा याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा. 'आरएमएस' या नावाने जो आकडा देतात तो सलग देता येणाऱ्या ताकदीचा असतो, आणि पाहायचाच तर तो पाहावा. ही लबाडी आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली घरगुती अँप्लिफायरच्या वॅटविषयी स्वतंत्र नियम करावा लागला होता.

खरे-खोटे करायला एक सोपी युक्ती आहे. स्पीकरच्या पाठीमागे किंवा त्याच्या अॅडॅप्टरवर वीज किती लागते ते लिहिलेले असते. अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे असेल तर गुणाकार करा : २४ वॅट. म्हणजे आत येणारी वीज २४ वॅट. त्यातली काही उष्णता होऊन वाया जाणार. क्षणभर थोडे जास्त निघेलही, पण जमा २४ आणि खर्च ५०००, असा हिशेब कोणत्या वहीत बसतो? घरातली साधी इस्त्री सुमारे १००० वॅटची असते. अशा पाच इस्त्र्यांची वीज एका बारीक वायरीतून येते असे कोणी सांगितले, तर आपण मानू का?

शिवाय वॅट जास्त म्हणजे आवाज तितक्या पट जास्त, हेही खरे नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट लागते. त्यापेक्षा स्पीकर दिलेल्या विजेचा किती आवाज करतो, हे विचारावे. चांगल्या मालाच्या कागदावर ते लिहिलेले असते : १ वॅट दिला आणि १ मीटर अंतरावरून मोजले तर इतके डेसिबल. ८४ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी ४ वॅट लागतात, तेवढाच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर एका वॅटमध्ये देतो. आपल्या दहा-बारा फुटी खोलीत घरच्यांनी बसून ऐकायला बहुतेक वेळा एखादा वॅटच खर्च होत असतो. बाकीची ताकद मधल्या एखाद्या जोरकस थापेसाठी शिल्लक असली की पुरे.

'२० ते २०,००० हर्ट्झ' हा दुसरा ठरलेला शिक्का. हा निरोगी, तरुण मानवी कानाचा पल्ला आहे. चार इंची स्पीकर २० हर्ट्झपर्यंत खाली उतरतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याला इतकेच विचारावे की किती कमी-जास्तीने? प्रामाणिक कारखानदार 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा सोबत लिहितो. ती नसेल तर पन्हा ४४ इंच सांगितला पण धुतल्यावर किती आटतो ते सांगितले नाही, असा प्रकार समजावा.

ब्लूटूथ स्पीकरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो. तो जरूर पाहावा. पण तो विजेच्या सुरक्षिततेविषयी आहे, आवाजाच्या गुणाविषयी नाही. ब्लूटूथची आवृत्ती नवी आहे एवढ्यावरूनही आवाज चांगला ठरत नाही.

खळ काढून पाहावी

कोऱ्या कापडाला भरपूर खळ दिली की ते हाताला जड लागते, ताठ दिसते आणि नवखा माणूस फसतो. जाणता व्यापारी दोन बोटांत कापड चोळतो, पांढरी भुकटी पडते, आणि आत किती सूत आहे ते समजते. स्पीकरच्या दुकानात ही खळ म्हणजे मोठा आवाज आणि वाढवलेला बेस.

यामागे शास्त्र आहे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिले की मानवी कान सगळे स्वर सारख्या न्यायाने ऐकत नाही. आवाज हळू असला की खर्जातले स्वर कानाला फार कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच स्वर भरून येतात. म्हणूनच एकच स्पीकर थोडा मोठ्याने लावला की तो जास्त 'भरदार' वाटतो. विक्रेत्याला जो नग खपवायचा आहे, तो त्याने दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने लावला की काम झाले. गिऱ्हाईक म्हणते, हाच चांगला.

त्यामुळे दोन स्पीकरची तुलना करायची तर आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा. मोबाईलमध्ये डेसिबल मोजण्याची अॅप असतात. ती काट्याच्या तराजूइतकी अचूक नसली तरी एकाच मोबाईलने, एकाच जागेवरून दोन्ही मोजले तर तुलनेपुरते भागते. बेस वाढवणारी बटणे, मोबाईलमधला इक्वलायझर, 'सराउंड', 'थ्रीडी' हे सगळे बंद करावे. आणि ओळीने एकाच मिनिटाचा तुकडा दोन्हीवर ऐकावा. सकाळी एका दुकानात आणि संध्याकाळी दुसऱ्या दुकानात ऐकून केलेली तुलना कामाची नाही. आवाजातले बारकावे आपल्या आठवणीत फार वेळ टिकत नाहीत.

एकदा अगदी हळू आवाजातही ऐकून पाहावे. रात्री मुले झोपल्यावर आपण ज्या आवाजात लावतो, त्या आवाजात. त्यातही शब्द स्वच्छ कळले तर तो माल कसाला उतरतो. मग उलट, घरात जास्तीत जास्त जेवढा लावाल तेवढा लावावा. आवाज फाटतो का, डबा थरथरतो का, मागच्या भोकातून फुसफुस हवा येते का, हे तेव्हा कळते. शेवटी गाणे बंद करून आवाजाचे बटण पूर्ण वाढवावे आणि कान जवळ न्यावा. थोडी सरसर सर्वच स्वस्त मालात असते. पण बसल्या जागी 'हूंऽऽ' असा विजेचा घोगरा सूर ऐकू आला, तर तो नग बाजूला ठेवावा.

काय लावून ऐकावे

दुकानदार स्वतःच्या पेन ड्राइव्हमधले गाणे लावतो. ते त्या स्पीकरला शोभेल असेच निवडलेले असते. आपण आपले न्यावे. वर्षानुवर्षे ऐकून ज्याचा शब्द न् शब्द पाठ आहे असे काहीतरी.

आणि त्यात पहिली परीक्षा माणसाच्या नुसत्या बोलण्याची. गाणे नको, वाद्य नको, एक माणूस बोलतो आहे असे ध्वनिमुद्रण. कुणाकडे बयान असेल, कुणाकडे मुशायरा, कुणाकडे रेडिओवरच्या बातम्या. माणसाचा आवाज आपण जन्मापासून रोज ऐकतो, त्यामुळे त्यात झालेली भेसळ कानाला लगेच कळते. लंडनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाचा एक छोटा स्पीकर तयार करवला. तो पुढे जगभर घराघरांत गेला, आणि त्याचे नाव झाले ते मुख्यतः माणसाचा आवाज माणसासारखा ऐकवतो म्हणून.

बोलणे ऐकताना लक्ष कुठे ठेवावे? आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल तर डबा स्वतःच घुमतो आहे. नाकातून बोलल्यासारखा असेल तर मधले स्वर बिघडलेले आहेत. मग व्यंजने पाहावीत. 'चहा'तला च आणि 'चूल'मधला च वेगळा ऐकू येतो का? आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना तर मास्तरांनी जीम आणि ज़े यांच्यातला फरक छडी मारून शिकवलेला असतो. तो फरक स्पीकरने पुसून टाकला तर आमच्या कानाला लगेच खटकते. हे भेद वरच्या स्वरांत राहतात. जुन्या तारेच्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात असे, म्हणून 'स' म्हणाला की 'फ' हे पलीकडच्याला दोनदा विचारावे लागे. मंद स्पीकरही तेच करतो. याउलट दर 'स'ला शिट्टीसारखी धार येत असेल तर वरचे स्वर मुद्दाम चढवलेले आहेत. दुकानात पाच मिनिटे ते 'क्लिअर' वाटते, घरी तासाभरात डोके दुखते.

त्यानंतर कव्वाली लावावी. टाळ्यांसाठी. टाळी म्हणजे तळहातावर तळहात, ती तशीच कानावर यावी. कागद फाटल्यासारखी किंवा पाण्यावर हात मारल्यासारखी आली तर समजावे. तबल्यात डग्ग्याकडे कान द्यावा. वादक मनगटाने दाबून त्याचा सूर वरखाली नेतो. तो सूर सरकताना ऐकू आला पाहिजे. प्रत्येक थाप सारखीच 'धम्म, धम्म' येत असेल, तर तो डग्ग्याचा आवाज नाही, डब्याचा आहे. स्वस्त बेसमधली ही सर्वांत मोठी खोट, आणि दुर्दैवाने गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त आवडणारी.

जोडी घ्यायची असेल तर दोन्ही एकदम लावण्याआधी एकटा स्पीकर ऐकावा. एकट्याचे दोष उघडे पडतात, जोडीत झाकले जातात. मग दोन्ही लावून मधोमध बसावे. बोलणाऱ्याचा आवाज दोघांच्या मधून आला पाहिजे. तो कुठून येतो ते कळत नसेल आणि बेसही गायब असेल, तर बहुधा एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत. लाल लालला आणि काळी काळीला केली की प्रश्न मिटतो. खुणा पुसलेल्या असतील तर साध्या स्पीकरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. पडदा बाहेर आला की सेलचे धन टोक ज्या तारेला आहे ती लाल समजावी. (आत अँप्लिफायर असलेल्या स्पीकरवर हा प्रयोग करू नये.)

महागड्या केबलचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याला हसून नाही म्हणावे. घरातल्या चार-पाच मीटरसाठी साधी तांब्याची दुहेरी वायर पुरते.

डोळे मिटून

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये अनेक वर्षे स्पीकरवर काम केलेले फ्लॉइड टूल हे पुढे अमेरिकेतील हर्मन कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंपनीतल्याच ४० लोकांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा स्पीकर समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. स्पीकर तेच, माणसे तीच, गुण मात्र बदलले. मोठे आणि किमती दिसणारे स्पीकर नजरेसमोर असताना वर गेले, छोटा आणि स्वस्त स्पीकर दिसताच त्याचे गुण उतरले. पडद्याआड त्याच छोट्याला लोकांनी बराच मान दिला होता. रोज स्पीकरच्या धंद्यात असणाऱ्यांची ही गत, तर आपल्या गिऱ्हाइकाची काय?

म्हणून ऐकताना कोणाला तरी तारा बदलायला सांगावे आणि आपण पाठ फिरवून बसावे, किंवा मध्ये पडदा धरावा. पडदा कोणता, हे मात्र आम्ही अधिकाराने सांगू शकतो. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागला तर आवाजही जातो. व्हॉइल, जाळी, सैल विणीची जॉर्जेट चालते. घट्ट विणीचे पॉपलिन कमी चांगले. कॅनव्हास, मखमल, टॅपेस्ट्री नको. ही कापडे वरचे स्वर खातात आणि बेस तसाच सोडतात, त्यामुळे चांगला स्पीकरही बोळा घातल्यासारखा वाजतो.

शिंपी आणि गादीवाल्या बंधूंनी हे विशेष लक्षात ठेवावे. सोफ्याच्या कापडाशी मेळ खाणारे कापड स्पीकरच्या तोंडाला लावून द्या, अशी मागणी हल्ली येते. मेळ रंगाचा साधावा, कापड स्पीकरसाठी मिळणारे पातळ, सैल विणीचे पॉलिएस्टरच घ्यावे. घरोघरी स्पीकरवर मखमली कव्हर घालण्याची हौस असते ती धुळीसाठी ठीक आहे, लावताना काढावे. क्रोशाचा रुमाल असला तर राहू द्या, त्याला भोकेच भोके असतात.

खोली आणि कोपरा

दुकानात चांगला वाटलेला स्पीकर घरी घुमतो, याचे कारण बहुधा स्पीकरमध्ये नसते, खोलीत असते. समोरासमोरच्या भिंती दहा फुटांवर असल्या की सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर त्यांच्यात अडकून फुगतो. बारा फुटांना तोच प्रकार ४७ हर्ट्झच्या आसपास होतो. खोली दहा बाय दहा आणि छतही दहा फुटांवर, अशी चौकोनी पेटीसारखी असेल तर तिन्ही बाजूंनी एकच स्वर फुगतो. जुन्या चाळीतल्या कित्येक खोल्या नेमक्या अशाच आहेत. त्यात आपण स्पीकर ठेवतो कपाटावर, छताजवळच्या कोपऱ्यात. भिंतीलगत बेस वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवून पाहावे. एका पैशाचा खर्च नाही, आणि फरक नवा स्पीकर घेतल्यासारखा.

पडद्यांचा उपयोग होतो, पण अर्धाच. जाड कापडाचा, भरपूर चुण्यांचा आणि भिंतीपासून थोडा सुटा पडदा वरचे स्वर आणि घरातला खणखणाट शोषतो. बेस त्याला जुमानत नाही. 'साउंडप्रूफ पडदा' म्हणून जे विकले जाते त्याने शेजाऱ्याकडे जाणारा धमधमाट थांबणार नाही, हे पडदे विकणाऱ्यांपैकीच एक म्हणून आम्ही सांगतो.

ऐकणारा कान

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी हातात घेतली, ती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना मागांच्या शेडमधला आवाज सांगायला नको. तो बहुधा ९० डेसिबलच्या वरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणे सुरक्षित. माग चालवणारा त्याहून मोठा आवाज त्याहून जास्त तास, आणि वर्षानुवर्षे ऐकतो. अशाने कान जातो तो एकदम जात नाही. प्रथम ३००० ते ६००० हर्ट्झमधले, विशेषतः ४००० च्या आसपासचे ऐकणे कमी होते. वर आम्ही ज्या व्यंजनांबद्दल लिहिले ती बरीचशी तिथेच राहतात. त्या माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. तो म्हणतो, पोरे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. वय वाढले की वरचे स्वर सर्वांचेच कमी होतात, मग तो व्यापारी असो की कारागीर.

असा माणूस स्पीकर निवडायला गेला तर त्याला जो बरोबर वाटतो तो घरच्यांना कर्कश लागतो. टूल यांनाही आपल्या प्रयोगांत दिसले होते की ज्यांचे ऐकणे अधू झाले आहे, त्यांचे गुण एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरे येतात, आणि ज्यांचे कान चांगले आहेत त्यांचे मत आश्चर्य वाटावे इतके जुळते. तेव्हा ज्याची हयात मागावर गेली आहे त्याने दुकानात जाताना मुलीला किंवा नातवाला बरोबर न्यावे आणि निवड त्यांच्या कानावर सोडावी. रंगाची परख अंधूक नजरेने करू नये हे आपण मानतोच ना? आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. जे गेले ते परत येत नाही, पण शेडमध्ये कानात बोळे घालून उरलेले वाचवता येते. आमच्याकडे माल देणाऱ्या मागवाल्यांना आम्ही हे वारंवार सांगतो. ऐकणारे थोडे आहेत.

पेटी, पडदा आणि जुना माल

सुतार बंधूंसाठी थोडे. बोटाच्या पेराने पेटीवर ठोकावे. पोकळ 'ढब' आला तर भिंती पातळ आहेत, बेसबरोबर त्याही बोलणार. १८ मिलीमीटरचा प्लाय, आत एखादी आडवी पट्टी, आणि सांध्यांत कुठेही हवा जाऊ नये. बंद पेटी असेल तर स्पीकरचा पडदा बोटांनी अलगद, सारखा आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट, चटकन आला तर कुठेतरी गळते. पेटीला पाइप किंवा भोक असेल तर त्याची लांबी आणि रुंदी अंदाजाने ठरवू नये. पेटीचे घनफळ, पाइप आणि स्पीकर यांचा मेळ गणिताने घालावा लागतो. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते गणित मांडून ठेवले आहे, आणि चांगल्या सुट्या स्पीकरच्या कागदावर त्याचे आकडे मिळतात. एका स्पीकरची पेटी दुसऱ्याला जशीच्या तशी बसत नाही. आत भरायला कापूस नको, तो दमट हवेत बसतो. उशीत भरतात ते पॉलिएस्टर फायबर बरे.

चोरबाजारातून जुना माल घेणाऱ्यांनी प्रथम पडद्याच्या कडेची गोल पट्टी पाहावी. फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत, आणि कोकणच्या हवेत त्याआधीही, तिचा भुगा होतो. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची पट्टी टिकते. पडदा अलगद दाबताना आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे किंवा जळलेली. फोम बदलणारे आणि कॉइल गुंडाळणारे कारागीर अजून आहेत. पण त्यांची मजुरी आधी विचारून मगच जुन्या मालाचा भाव ठरवावा. साधा चार इंची, आठ ओहमचा स्पीकर असला तर तसाच नवा बाजारात मिळून जातो. एकाच साच्यातल्या प्लॅस्टिकच्या डब्यात चिकटवलेला असला तर बिघडल्यावर सगळा नग भंगारात जातो.

दुकान टाकलेल्या मुलांसाठी व्यवहाराच्या दोनच गोष्टी. घाऊक माल उचलताना पेटी फोडून कोणताही एक नग आपण निवडावा, विक्रेत्याने पुढे केलेला घेऊ नये, आणि तो दोन दिवस घरी वाजवून मगच बाकीची मागणी द्यावी. ताग्याचा नमुना घेतल्याशिवाय गाठोडे उचलत नाहीत, तोच दस्तूर इथेही. आणि बिलावर डब्यावरचा आकडा न लिहिता आरएमएस वॅट, किती दिवसांत बदलून मिळेल आणि दुरुस्ती कोण करील, एवढे स्वच्छ लिहावे. घाऊक व्यापाऱ्याकडूनही बिलावर तेच लिहून घ्यावे. तो लिहून द्यायला तयार नसेल तर त्या मालाचा भाव कितीही कमी असो, गाठोडे न उचललेले बरे.